इथं राहणार कोण?

रविवारची उपासना आटोपली की बाई शिरूरहून एसटीनं परत यायच्या आणि गाव यायच्या आधीच, जिथं नव्या प्लॉटिंगची कमान उभी राहिलेली दिसेल तिथं उतरायच्या. पांढरी साडी, काखेत बायबलची कापडी पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट. तशाच त्या साइट ऑफिसात शिरायच्या, पंख्याखालची खुर्ची ओढून बसायच्या आणि समोरच्या पोराला विचारायच्या, "इथं राहणार कोण?"

पोरगं रंगीत माहितीपत्रक पुढं करायचं. क्लब हाउस कुठं, स्विमिंग पूल कुठं, हायवे किती जवळ, पाच वर्षांत भाव कुठं जाणार, हे सगळं पाठ म्हणून दाखवायचं. बाई मान हलवत ऐकून घ्यायच्या. मिळालेला चहा प्यायच्या. मग पुन्हा तेच विचारायच्या. घेणार कोण ते कळलं, राहणार कोण? पोरगं सांगायचं, मॅडम, हे इन्व्हेस्टमेंटसाठी आहे, राहायची गरज नाही. बाई त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावायच्या, वर्गात एखाद्याला चुकलेला पाढा पुन्हा म्हणायला लावतात तसं. घर आहे आणि त्यात राहायची गरज नाही. त्यानं दोनदा म्हटलं की त्या उठायच्या.

मी ह्या बाईंच्या खोलीत पाच-सहा वर्षं राहिलो. सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं, कारण निम्म्या गावाला त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेलं. वडील मिशनच्या शेतावर मुकादम होते. त्यांनी घेऊन ठेवलेली वीस गुंठे जमीन रस्त्याच्या कडेला होती. बाईंनी लग्न केलं नव्हतं. निवृत्तीच्या पैशातून बाईंनी त्या जमिनीवर पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ बांधली आणि कंपनीतल्या लोकांना भाड्यानं दिली. स्वतः गावठाणातल्या दोन खणांच्या मातीच्या घरात राहायच्या.

मी मूळचा दौंड तालुक्यातला, कासुर्डीचा. रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला लागलो. शिफ्टचं काम, रोज जाणं-येणं जमणारं नव्हतं, म्हणून खोली शोधायला निघालो आणि पहिल्या आठवड्यातच कळलं की नोकरी मिळवणं सोपं होतं. एकानं विचारलं एकटा आहेस का, आणि हो म्हटल्यावर दार लावून घेतलं. एकाला माझं आडनाव हवं होतं, नुसतं नाव चालेना. एकानं दाखवलेल्या खोलीत भिंतीला सिमेंटची गव्हाण तशीच होती. म्हशी विकल्या होत्या, गोठ्यात मध्ये पत्रे लावून तीन खोल्या पाडल्या होत्या, आणि एकेका खोलीचं भाडं ऐकून मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. गव्हाणीत कपडे ठेवता येतील, असं तो माणूस फार मनापासून सांगत होता.

बाईंनी आधी खोलीतल्या वाईट गोष्टी सांगितल्या. पत्रा तापतो, उन्हाळ्यात भाजून निघशील. तीन नंबरच्या खोलीत पाणी गळतं, म्हणून ती मी कुणाला देत नाही. संडास दोनच आहेत, सकाळी थांबावं लागेल. नाव-गाव काही विचारलं नाही. फक्त विचारलं, नाइट शिफ्ट असते का? असते म्हटल्यावर म्हणाल्या, मग कडेची घे, तिथं दुपारी आवाज नसतो, झोप लागेल.

बाईंचं बोलणं दोन तऱ्हेचं होतं. आमच्याशी, बाजारात, एसटीत त्या गावाकडचंच बोलायच्या. राग आला की मात्र शाळेतलं स्वच्छ पुस्तकी मराठी सुरू व्हायचं. वाक्यं पूर्ण, क्रियापदं जागच्या जागी, आवाज खाली. 'न्हाई'चं 'नाही' झालं की आम्ही आपापल्या खोल्यांतून कान द्यायचो. गावात पाणी सोडणारा, वीजबिलवाला, सरपंच, सगळ्यांना ही खूण माहीत होती.

भाडं त्या सहसा वाढवत नसत. गावातले बाकीचे खोल्यावाले कधी कधी त्यांच्याकडं येऊन बसायचे आणि आडून आडून सांगायचे की बाई, तुमच्यामुळं मार्केट खराब होतंय, लोक तुमचं उदाहरण देतात. बाई त्यांना पेरू कापून द्यायच्या. एकदा एकजण फारच लावून धरायला लागला तेव्हा म्हणाल्या, "अरं, पत्रा तोच, भिंत तीच, संडास दोनच. मग म्या वाढवू कशाचं?" तो म्हणाला, सगळे वाढवतात म्हणून.

आणखी एक खोड होती. जमिनीचा भाव वाढला म्हणून कुणी खुशीत आला की बाईंचा चेहरा एखाद्याच्या घरचं दुःख कळल्यासारखा व्हायचा. चहाच्या टपरीवर एक शेतकरी एकदा सांगत होता की त्याच्या वावराला लागून गुंठ्याचा भाव कुठल्या कुठं गेला. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, पोरं किती तुला? तो म्हणाला, दोन. मग घरी गेलास की दोघांना बसवून सांग, की ह्या गावात आता तुम्हाला घर बांधता यायचं नाही. तो हसला. टपरीतले बाकीचे हसले नाहीत, कारण त्यांतल्या निम्म्यांची पोरं लग्न होऊन वाघोलीला एका खोलीत राहत होती.

"घर महाग झालं म्हणून पेपरात आनंदानं छापतात," असं त्या म्हणायच्या. "कांदा महाग झाला तर मोर्चे निघतात. घर महाग झालं की म्हणतात विकास झाला."

त्यांच्या स्वतःच्या खोल्यांना कसलीही परवानगी नव्हती. हे त्या कुणालाही, अगदी तलाठ्यालासुद्धा, न विचारता सांगायच्या. परवानगी मागायला गेल्या होत्या. रुंद रस्ता सोडा, मोकळी जागा सोडा, आर्किटेक्ट लावा, नकाशा मंजूर करून आणा, असं सांगितलं गेलं. ते सगळं केलं असतं तर त्या जागेवर मोठा बंगला झाला असता, कंपनीतल्या हेल्परला खोली मिळाली नसती. ह्या भागात गरिबाला परवडेल असं जे जे आहे ते सगळं बेकायदेशीर आहे, आणि जे कायदेशीर आहे त्यात राहायला कुणी येत नाही. हे बाईंचं ठाम मत होतं आणि मी कंपनीच्या बसमधून रोज दोन्ही बाजूंना बघत जायचो, मला ते खोडून काढता आलं नाही. कमानीच्या आत डांबरी रस्ते, दिव्यांचे खांब, शोभेची झाडं, त्यांना पाणी घालायला माळी. कमानीच्या बाहेर पत्र्याखाली चार-चार जण, शिफ्टनं काम करणारे आणि शिफ्टनंच झोपणारे. एक उठला की दुसरा त्याच गादीवर.

हे कारखाने आणले तेव्हा ट्रक उभे करायला जागा ठेवली, हिरवळीला ठेवली, सांडपाण्याला ठेवली, असं त्या बोटांवर मोजत सांगायच्या. हजारो माणसं रोज कामाला येणार हे सरकारला माहीत होतं, मग ती रात्री कुठं जाणार हे कुणी विचारलं का? कंपनीला जमीन देतानाच कामगारांची घरं बांधायची अट घालायला काय लागत होतं? आणि हे जे प्लॉट घेऊन नुसते पडीक ठेवतात, त्यांच्यावर असा कर बसवा की वर्षाला त्यांना आठवण झाली पाहिजे. सरकारला हे जमत नाही असं नाही, असं त्या म्हणायच्या. सरकारातल्यांचेच प्लॉट आहेत.

एकदा मी सुट्टीला घरी निघालो होतो तर बाई म्हणाल्या, मला भांडगावाकडची ती नवी स्कीम बघायची आहे, पेपरात आलेली. मोटरसायकलवर मागं बसल्या. न्हावऱ्यावरून चौफुल्याला निघालो, भीमेच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवायला लावून पाणी बघितलं, आणि दुपारी आम्ही हायवेच्या त्या साइटवर पोचलो. पुण्याच्या लोकांना शनिवार-रविवार येऊन राहायला बंगले, अशी ती स्कीम. उसाचं रान होतं तिथं, मला आठवतंय.

तिथं दाखवायला म्हणून एक बंगला आधीच सजवून ठेवलेला. सेल्सचा पोरगा केडगावचा, टाय लावलेला. त्याला बाई काय वाटल्या कोण जाणे, पण फार अदबीनं सगळं दाखवलं. बाईंनी स्वयंपाकघरातला नळ सोडला. पाणी आलं नाही. कपाटातली पुस्तकं काढायला गेल्या तर ती पुठ्ठ्याची खोकी निघाली. मग बेडरूममध्ये गेल्या, बूट काढले आणि म्हणाल्या, मी जरा पडते, प्रवास झालाय.

पोरगं घाबरलं. मॅडम, ते फक्त बघायला आहे. बाई तोपर्यंत आडव्या झाल्या होत्या. आणि त्यांचे पाय घोट्यापासून पुढं पलंगाच्या बाहेर. बाई उंच होत्या, पण इतक्याही नव्हत्या. खोली मोठी दिसावी म्हणून पलंग मुद्दाम आखूड करून घेतलेला.

बाई तशाच पडून राहिल्या. मग छताकडं बघत त्यांनी विचारलं, "तू कुठं राहतोस रे?"

पोरगं इकडं-तिकडं बघत म्हणालं, "चौफुल्याला. भाड्यानं. आम्ही चौघं हाय एका खोलीत."

"तिथं पाय पुरतात का?"

"व्हय, पाय पुरत्यात."

"आन् ह्यातला एखादा बंगला तुला घेता यील?"

तो हसला. म्हणाला, "मॅडम, मला ह्याची पायरी बी घेता यायची न्हाई."

बाई उठून बसल्या. बूट घालता घालता त्यांनी त्याला टाय सैल करायला सांगितला, उकाडा आहे म्हणून. बाहेर आल्यावर स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "ज्याला आयुष्यात घर मिळणार नाही, त्यालाच घरं विकायला उभं केलं आहे." घरी माझ्या आईनं पिठलं-भाकरी केली होती, तीही त्यांनी नीट खाल्ली नाही.

आमच्या ओळीत दोन नंबरच्या खोलीत मंगल आणि दत्तू राहायचे, दोन मुली घेऊन. दत्तू एका कंपनीत लोडिंगला, कॉन्ट्रॅक्टवर. मंगल कॅंटीनमध्ये पोळ्या लाटायची. हे दोघं बाहेरून आलेले नव्हते. दत्तूचा आजासुद्धा ह्याच गावात जन्मलेला, पण जमीन कधीच नव्हती. ज्यांच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या राबले त्यांच्याच बांधावर झोपडी होती. ते शेत प्लॉटिंगला गेलं आणि मालकानं सांगितलं, आता जागा मोकळी करा. गावातल्याच माणसाला गावात भाडेकरू व्हावं लागलं.

त्यांना सरकारचं घरकुल मंजूर झालं तेव्हा मंगलनं सगळ्या खोल्यांतून साखर वाटली. आठवड्यानं ग्रामसेवक आले. घर बांधायला पैसे येतील, म्हणाले, फक्त जागा दाखवा. स्वतःच्या नावची जागा. मंगलला वाटलं ते चेष्टा करतायत. जागा असती तर आम्ही पत्र्याखाली कशाला राहिलो असतो, असं तिनं विचारलं. ग्रामसेवक वाईट माणूस नव्हते. त्यांनी सांगितलं की नियम तसा आहे आणि जागा दाखवली नाही तर नाव पुढच्याला जाईल. जागा घ्यायलाही सरकार थोडी मदत करतं, तेही सांगितलं. त्या मदतीत ह्या भागात एक खाट टाकण्यापुरतीच जागा आली असती.

बाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, त्यात काय, माझ्या जमिनीतला कोपरा देते. एक गुंठा. उद्याच नावावर करू.

त्या 'उद्या'साठी मी रजा काढून त्यांच्याबरोबर तालुक्याला गेलो. नोंदणीच्या कार्यालयात कळलं की शेतजमिनीचा इतका लहान तुकडा नावावर होत नाही. विकता येत नाही, तसाच फुकट देताही येत नाही. बाई म्हणाल्या, समोरचा अख्खा माळ तुकडे करून विकलाय तो? तो बिनशेती केलेला आहे, काउंटरवरचा कारकून म्हणाला. मग मला बिनशेती करून द्या. त्यासाठी रस्ता, मोकळी जागा, नकाशा, सगळं तेच. बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, ठीक आहे, तुकडा नको ना, मग सगळे वीस गुंठे लिहून देते. तेव्हा त्या माणसानं विचारलं, घेणारे शेतकरी आहेत का? सातबारा आहे त्यांच्या नावावर?

नाही म्हटल्यावर त्यानं हात जोडले. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. ज्याच्याकडं जमीन नाही त्याला घ्यायची तर वरून परवानगी आणावी लागते, आणि ती कधी येईल सांगता येत नाही.

बाई काउंटरपाशी उभ्याच राहिल्या. मागं रांग होती. त्या अगदी हळू, शुद्ध बोलल्या. "म्हणजे जागा नाही म्हणून तिला घर मिळत नाही. आणि जमीन नाही म्हणून तिला जमीन मिळत नाही. मी फुकट देते आहे, ती घ्यायला तयार आहे, पैसे सरकार देते आहे. मग अडवतो आहे कोण?"

तो म्हणाला, "बाई, मी न्हाई अडवत."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "कोणीच अडवत नाही."

परतताना एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं वय दिसलं.

मग ग्रामसभा झाली. गावाला मोठं गायरान आहे, पुढाऱ्यांच्या गाड्या उभ्या राहतात आणि निवडणुकीला मंडप पडतो, एवढाच त्याचा उपयोग. त्यातला थोडा भाग गावठाणात घ्या आणि बेघरांना द्या, असा ठराव बाईंनी मांडला. गावं वाढली, गावठाण बापजाद्यांच्या वेळेचंच राहिलं, म्हणून ही अडचण आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. सरपंच त्यांचा विद्यार्थी. बाई त्याला भर सभेत 'अरे तुरे' करायच्या आणि तो खुर्चीत नीट सरळ बसायचा. पण त्याच्या तीन मजली इमारतीत खोल्याच खोल्या होत्या. पुढच्या दोन रांगांत बसलेल्या जवळजवळ सगळ्यांच्या खोल्या होत्या.

पहिल्यांदा कुणी विरोध केला नाही. नुसत्या शंका निघाल्या. जनावरं कुठं चरायची? गावात जनावरं किती उरलीत असं बाईंनी विचारलं, तोवर पुढची शंका निघाली. उद्या बाहेरचे लोक येऊन बसतील. तिथं व्यायामशाळा करायची आहे. वस्ती झाली की गावाची शोभा जाते. शेवटी एकजण, ज्याचा तो गव्हाणीचा गोठा होता तोच, उठून मोकळेपणानं बोलला. "बाई, समद्यांना घरं मिळाली तर आमच्या खोल्या घेणार कोण?"

लोक हसले. त्याला वाटलं आपण काहीतरी हुशारीचं बोललो. ठराव 'पुढील सभेत विचारार्थ' ठेवला गेला. मंगल मागं बायकांत बसली होती, ती उठली आणि कॅंटीनच्या शिफ्टला गेली.

घरकुलाची मुदत संपत आली होती. एका सकाळी बाई आमच्या ओळीत आल्या, मागं टेम्पो. टेम्पोत एक खाट, कपाट, शिलाई मशीन, भांड्यांचं पोतं. आम्हाला वाटलं नवीन भाडेकरू आणला. त्यांनी तीन नंबरची, गळकी म्हणून कधीच कुणाला न दिलेली खोली उघडली आणि सामान आत ठेवायला सांगितलं. मग मंगलला म्हणाल्या, गावठाणातलं माझं घर तुझ्या नावावर करतेय. गावठाणात तुकड्याचा नियम लागत नाही आणि शेतकऱ्याचा पण लागत नाही. मातीचं आहे, पाडून तिथं घरकुल बांध.

मंगल खाली बसली. म्हणाली, "मग तुमी कुठं ऱ्हाणार?"

"हितं. बघतीस ना, सामान उतरलंय."

आम्ही सगळ्यांनी समजावलं. अर्धं द्या, अर्धं ठेवा. पण त्या घरात अर्धं करण्यासारखं काही नव्हतं, दोन खण आणि पुढं ओटा. तुम्ही कडेच्या खोलीत या, मी तिथं राहतो, असं मी म्हणालो. त्यांनी मला विचारलं, नाइट शिफ्ट बंद झाली का तुझी? दत्तूनं आणि मी मिळून त्या खोलीच्या पत्र्याला डांबर लावलं. तरी जोराचा पाऊस आला की बाई खाट इकडून तिकडं सरकवायच्या.

घरकुल झालं. लहानच, पण विटांचं, वर स्लॅब. दत्तूनं शिफ्ट करून उरलेल्या वेळात स्वतः पाया खणला, आमच्या ओळीतल्या बिहारच्या पोरांनी सुट्टीच्या दिवशी विटा वाहिल्या. मंगलनं दाराला निळा रंग दिला, कारण बाईंच्या जुन्या दाराचा तोच होता.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर झेंडावंदन झालं आणि सरपंचानं बाईंचा सत्कार ठेवला. त्यागमूर्ती वगैरे शब्द आले. गावचा आदर्श. अशी माणसं आता राहिली नाहीत. सरपंच शाल उलगडून पुढं आला. बाईंनी हात करून त्याला थांबवलं, माइक घेतला आणि पहिल्याच वाक्याला आम्हाला ती खूण कळली.

"मला शाल नको आहे. तुम्ही टाळ्या कशासाठी वाजवल्या, ते मला सांगा."

सरपंच शाल घेऊन एक पाऊल मागं सरकला.

"एका कुटुंबाच्या डोक्यावर छप्पर यावं म्हणून एका म्हातारीला स्वतःचं छप्पर द्यावं लागलं. ही कौतुकाची गोष्ट नाही. ही तुमची, माझी आणि सरकारची लाज आहे. पैसे सरकारकडे होते. जमीन गावाकडे होती. राबायला दत्तू आणि मंगल होते. कमी कशाची पडली? माझ्याकडे एकच घर होतं, ते मी दिलं. आता पुढच्या कुटुंबासाठी कोणाचं घर पाडायचं, ते सरपंचांनी इथे सांगावं. मग शाल त्याला घाला."

त्यांनी माइक खाली ठेवला आणि जाऊन बायकांत बसल्या. सरपंच शाल हातावर घेऊन तसाच उभा होता. शाळेची पोरं बिस्किटांची वाट बघत होती. कुणीतरी राष्ट्रगीत सुरू करा म्हणालं, पण ते आधीच झालं होतं.

त्यानंतरच्या ग्रामसभेत गावठाण वाढवायचा ठराव मंजूर झाला. लाजेनं झाला की पेपरात बातमी आली होती म्हणून झाला, मला सांगता येणार नाही. ठराव तालुक्याला गेला, तिथून वर गेला, काहीतरी राहिलं म्हणून खाली आला, पुन्हा गेला. बाई दर पंधरा दिवसांनी त्याच्या मागं जायच्या. ह्या टेबलावरून त्या टेबलावर. साहेब मीटिंगला आहेत, साहेब बदलले, नवीन साहेब अजून आले नाहीत. त्यांच्या वयाच्या बायका नातवंडांना शाळेत सोडायला जातात तशा बाई त्या ठरावाला भेटायला जायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, पत्र्याखाली त्या गेल्या. मंगल दुपारचं ताक घेऊन आली तर बाई खाटेवर होत्या आणि टेबलफॅन चालू होता, गरम वारा फेकत. ती त्यांना रोज म्हणायची, चला आमच्याकडं, स्लॅब हाय, गार हाय. त्या म्हणायच्या, चौघांचं घर आहे ते, पाचव्याचं नको करू. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. मी त्या खोलीत उभा होतो, मला माहीत आहे ते काय होतं. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलं की माणसं राहणार कुठं, ती तापलेल्या पत्र्याखाली गेली, आणि तिथून हाकेच्या अंतरावर कुलपं लावलेले बंगले थंडगार उभे होते.

मृत्युपत्र करायचं राहून गेलं. दुसऱ्यांसाठी इतके खेटे घातले, स्वतःचा एक कागद करायला त्यांना सवड झाली नाही. जमीन पुण्यातल्या भाच्याकडं, त्यांच्या वारलेल्या भावाच्या मुलाकडं गेली. मधल्या काळात सरकारनं तुकड्यांच्या नियमात बरीच सूट दिली, आता गुंठाही नावावर करता येतो म्हणतात. भाच्यानं खोल्या पाडल्या आणि गुंठे पाडून विकले. आम्ही जे तिथं राहत होतो त्यांतल्या एकालाही त्यातला एक गुंठा घेता आला नाही. कायद्यात बसला तेव्हा तो आमच्या आवाक्याबाहेर गेला होता. मी आता शिरूरमध्ये भाड्यानं राहतो. दर अकरा महिन्यांनी मालक करार नवा करतो आणि भाडं वाढवतो. मी विचारतो कशाबद्दल, तो म्हणतो, सगळे वाढवतात.

मागच्या गांधी जयंतीला मंगलचा फोन आला, ग्रामसभा आहे, येता का म्हणून. मी गेलो. सरपंच नवा होता, त्याच्याही खोल्या होत्या. विषय संपत आले, चहा आला, लोक उठायच्या बेतात होते. मंगल उठून उभी राहिली. सभेत बोलताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. तिनं विचारलं, गावठाणाच्या ठरावाचं काय झालं?

ग्रामसेवक नवे होते. पाठपुरावा चालू आहे, म्हणाले.

"म्या परवा तालुक्याला जाऊन आले," मंगल म्हणाली. "साहेब म्हनले, गायरानाचा नकाशा ग्रामपंचायतीनं द्यायचा हाय. तुमी म्हनता साहेबाकडं हाय. नकाशा हितं कपाटात हाय का न्हाई, ते आत्ता बघा."

सरपंच म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू, आज सुट्टी आहे.

मंगलनं चहाचा कप बाजूला ठेवला, पुढं आली आणि टेबलासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. कॅंटीनमध्ये पोळ्या लाटायला बसते तशी. थोड्या वेळानं भाड्याच्या खोल्यांतल्या आणखी दोन बायका येऊन तिच्या शेजारी बसल्या. मग बिहारची एक बाई, जिला मराठी नीट येत नव्हतं, तीही मुलाला कडेवर घेऊन बसली.

सरपंचानं घड्याळ बघितलं. ग्रामसेवकांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली.